दोन आण्यांची जमीन

चैत्री पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीं येरमाळ्याच्या शिवारांत एक आगळा सोहळा होतो. बालाघाटाच्या एका टेकडीवर येडेश्वरीचें देऊळ आहे. लोक तिला प्रेमानें येडाई म्हणतात. त्या दिवशीं देवीची पालखी टेकडी उतरते, गांवांतून वाजतगाजत निघते आणि एका शेतांत येऊन थांबते. त्या शेताला ‘चुन्याचें रान’ असें नांव आहे. रान काळ्या मातीचें, परंतु त्या काळ्या मातींत पांढरे खडे विखुरलेले असतात. धाराशिव, बीड, लातूर, सोलापूर अशा चहूं बाजूंनीं आलेले लक्षावधि लोक चैत्राच्या उन्हांत वांकून ते खडे वेंचतात आणि एका जागीं आणून टाकतात. पाहतां पाहतां पांढऱ्या खड्यांचा ढीग उभा राहतो. या चुनखडीचा चुना देवळाच्या सफेतीस लावावयाचा, अशी ही परंपरा आहे. वेंचणारांत म्हातारी माणसें असतात, कडेवर मूल घेतलेल्या स्त्रिया असतात, नुकतें चालूं लागलेलें पोरहि एखादा खडा मुठींत घट्ट धरून ढिगाकडे जातें.

दर वर्षीं वेंचूनहि हे खडे पुन्हा दिसतात तरी कसे, असा प्रश्न परगांवच्या माणसास पडतो. भाविकांचें उत्तर सोपें आहे: ही आईची कृपा. भूगर्भशास्त्राचें उत्तर जरा लांबचें आहे. दख्खनचें पठार सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं तप्त शिलारसाच्या थरांवर थर सांचून झालें. त्या काळ्या पाषाणांत चुन्याचा अंश असतो. पावसाचें पाणी हवेंतील आणि मातींतील कर्बाम्ल वायु घेऊन खालीं मुरतें व हा अंश विरघळवितें. कोंकणांत पाऊस इतका कीं, विरघळलेला चुना पाण्याबरोबर समुद्रास जाऊन मिळतो. बालाघाटावर पाऊस बेताचा. पाणी कांहीं हात खोल जातें, उन्हाळ्यांत तें आटतें, आणि त्यांतला चुना मातींतच मागें राहतो. कण कणास चिकटतो व हजारों वर्षांत त्याचा खडा बनतो. काळी माती पावसांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते. या हालचालीनें आणि नांगराच्या फाळानें खालचे खडे वर येत राहतात. चुन्याच्या रानाची कथा ती ही. ती ऐकून कोणाच्या भक्तींत उणें येण्याचें कारण नाहीं.

जुन्या मराठी कागदपत्रांत गांवच्या जमिनीचे दोन भाग मानलेले आढळतात. जेथें घरें वसलीं ती पांढरी. जेथें नांगर चालला ती काळी. ‘काळी-पांढरी’ म्हटलें कीं सारा गांव त्यांत आला. परंतु या दोहोंपलीकडे तिसरी एक भुई प्रत्येक गांवाला असे. ती म्हणजे माळ. तेथें माती थोडी, मुरूम फार, मधून मधून कातळ. त्याला ना काळीचा मान, ना पांढरीचा. येरमाळ्यास या तिन्ही भुया एकाच पालखीच्या वाटेवर आहेत: देऊळ माळाच्या टेकडीवर, गांव पांढरींत आणि चुन्याचें रान काळींत. या तिसऱ्या भुईकडे आपल्या समाजानें कोणत्या दृष्टीनें पाहिलें, त्याचा इतिहास येथें थोडक्यांत सांगावयाचा आहे. हा इतिहास केवळ महसुलाचा नाहीं. अलीकडे शहरांतील पुष्कळ घरांतून रानफुलांची हौस वाढली आहे. अंगणाचा एखादा कोपरा रानफुलांना द्यावा असें कोणास वाटलें, तर तो पहिली गोष्ट कोणती करतो? गाडीभर काळी माती आणवितो, तींत शेणखत घालतो, खडे वेंचून टाकतो आणि वर बीं पेरतो. पावसाळ्यांत तेथें गवत कंबरभर वाढतें आणि फुलें मात्र दिसत नाहींत. ही चूक एकट्या त्या गृहस्थाची नव्हे. तिच्यामागें दोन-तीन शतकांची शिकवण आहे.

जमिनीची प्रत ठरविण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. इ. स. १६०० सालीं अहमदनगर मोंगलांच्या हातीं पडल्यावर निजामशाहीची गादी कांहीं काळ परंड्यास होती. तें परंडें आजच्या धाराशिव जिल्ह्यांतलेंच. त्या राज्याचा सूत्रधार मलिक अंबर यानें जमिनीची पाहणी करून पिकाच्या मानानें सारा बसविला, म्हणून त्याचें नांव दख्खनच्या महसुलाच्या इतिहासांत कायम झालें. मराठी अमदानींतील कागदांतहि अव्वल, दूम, सीम अशा प्रती येतात. या सर्व प्रतींचें माप एकच होतें: या मातींत धान्य किती पिकतें?

इंग्रजी अमलांत या मापास अधिक काटेकोर रूप आलें. १८३५ सालीं पुणें जिल्ह्यांतील इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड साहेबांनीं नव्या पाहणीस आरंभ केला. पुढें विंगेट साहेब त्यांस येऊन मिळाले, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालानें ही पद्धति सर्व इलाख्यासाठीं कायम झाली. पद्धति मोठी पद्धतशीर होती यांत शंका नाहीं. प्रत्येक शेताचे नकाशावर सारखे चौकोन पाडावयाचे. प्रत्येक चौकोनांत माती किती खोल आहे हें पाहावयाचें. तिचा रंग व पोत पाहून तिला तीन वर्गांपैकीं एकांत घालावयाची. खोली हातांनीं मोजीत. माती काळी, एकजात, बारीक पोताची आणि पावणेदोन हात खोल असली तर ती पहिली प्रत. तिची किंमत सोळा आणे. खोली कमी होत जाईल, रंग फिका होत जाईल, तसतशी प्रत उतरे. चौदा आणे, बारा, दहा, आठ, सहा, साडेचार, तीन. आणि नववी व शेवटची प्रत दोन आण्यांची.

प्रत ठरली तरी काम संपत नसे. दोषांच्या खुणा निराळ्या होत्या. जमिनीला उतार आहे काय, तींत वाळू मिसळली आहे काय, पाणी मुरतें कीं वरच राहतें, ओढ्याच्या पाण्यानें ती धुपते काय, पाणी सांचून राहतें काय, अशी ती यादी होती. या यादींत चुनखडीच्या बारीक खड्यांची भेसळ हाहि एक दोष होता. एक खूण पडली कीं प्रत एका पायरीनें खालीं येई. म्हणजे सोळा आण्यांच्या काळ्या रानांत चुनखडी निघाली तर तें रान चौदा आण्यांचें ठरे.

येरमाळा हें गांव तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें. १८५३ सालीं धाराशिवचा मुलूख तहानें इंग्रजांकडे गेला आणि १८६० सालीं तो परत निजामाकडे आला. त्यानंतर दिवाण सालारजंग यांनीं राज्यकारभाराची नवी घडी बसविली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळांत मराठवाड्यांत मुंबईच्या धर्तीवर जमिनीची पाहणी झाली. काळ्या रानांत वांकून चुनखडी वेंचणारी माणसें एकीकडे, आणि त्याच चुनखडीला वहींत दोष म्हणून नोंदविणारी प्रतबंदीची रीत दुसरीकडे, अशी ही जोडी जमली. दोघेहि आपापल्या परीनें खरेच होते. ज्वारीच्या दृष्टीनें चुनखडीची भेसळ हा दोषच आहे. तीमुळें मातींतलें लोह वनस्पतींना मिळेनासें होतें आणि पानें पिवळीं पडतात. शिवाय या पाहणीचा हेतुहि वाईट नव्हता. हलक्या जमिनीच्या कुणब्यावर भारी जमिनीचा सारा बसूं नये, हाच तिचा उद्देश होता. बिघडलें तें इतकेंच कीं, साऱ्यासाठीं केलेलें माप लोकांच्या मनांत जमिनीच्या गुणाचेंच माप होऊन बसलें. ज्या तुकड्यांत कांहींच पिकत नाहीं, त्याला कागदावर ‘पोटखराब’ म्हणूं लागले. सरकारनें त्यावर सारा घेतला नाहीं; परंतु ‘खराब’ हें नांव त्याला जें चिकटलें तें सातबाराच्या उताऱ्यावर आजहि कायम आहे.

या दोन आण्यांच्या जमिनीवर काय उगवत होतें, तें आतां पाहावें. वैशाखाच्या उन्हांत, पाऊस पडण्याच्याहि आधीं, रानकांद्याचा लांब दांडा पानाशिवाय वर येतो आणि त्याला फुलें येतात. मृगाच्या सरी झाल्या कीं मुरमाला चिकटून विष्णुक्रांतेचीं इवलीं निळीं फुलें उमलतात. श्रावणांत कांटेरी कुंपणावर कळलावीच्या लाल-पिवळ्या ज्वाळा दिसतात. खुळखुळ्याला पिवळीं फुलें येतात, आणि पुढें त्याच्या वाळल्या शेंगा वाऱ्यावर वाजूं लागतात. बांधाकडेला कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे डोलतात. भाद्रपद सरत आला कीं तरवडाचीं झुडुपें सोन्यासारखीं पिवळीं होतात, आणि कार्तिकांत कुसळी गवत पिकून सारा माळ तांबूस दिसूं लागतो. कुसळी कोंवळी असतांना गुरें ती आवडीनें खात. तरवडाची साल चांभार चामडें कमावण्यास नेत. मेंढ्या माळावर बसत, आणि गवत कापून वाळवून घरीं जाई. म्हणजे ‘खराब’ भुईवर गांवाचा बराच व्यवहार चालत होता. फक्त त्याचे आणे कोणीं मोजले नव्हते.

घरोघरच्या नवरात्रांत मात्र या भुईचा मान राहिला. घट बसवितांना शेतांतली काळी माती आणून पत्रावळींत पसरतात, तींत धान्य पेरतात आणि वर पाण्यानें भरलेला मातीचा घट ठेवतात. घटांतून झिरपणाऱ्या ओलीवर नऊ दिवसांत धान्याचे पिवळे कोंब वर येतात. त्याच घटावर रोज एक माळ सोडावयाची, आणि मराठवाड्यांत व सोलापुराकडे ही माळ बहुधा तरवडाच्या फुलांची असते. खालीं काळीची माती आणि वर माळरानाचें फूल, असें हें एकत्र पूजन आहे. धान्याला कोणती भुई हवी आणि फुलाला कोणती, हें या रिवाजानें शिकविण्याच्या हेतूनें सांगितलें नसेल. तरी डोळे उघडे ठेवून पाहणारास तें दिसण्यासारखें आहे.

विद्वानांची दृष्टि या फुलांकडे वळण्यास वेळ लागला. पुण्याजवळ दापोडी येथें १८२८ सालीं सरकारी वनस्पतिबाग निघाली. तिचे व्यवस्थापक पुढें डॉक्टर गिब्सन हे झाले. त्यांनीं व डॅल्झेल यांनीं मिळून १८६१ सालीं मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रिन्सिपॉल थिओडोर कुक यांचा याच विषयावरील मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळांत भागाभागांनीं बाहेर पडला. परंतु हे ग्रंथ इलाख्याचे. निजामी मुलूख त्यांच्या हद्दीबाहेर राहिला. उस्मानाबाद जिल्ह्याच्या वनस्पतींचा स्वतंत्र ग्रंथ औरंगाबादचे प्राध्यापक व्ही. एन. नाईक यांनीं १९७९ सालीं प्रसिद्ध केला. त्या वेळीं लातूर वेगळा झालेला नव्हता. तो १९८२ सालीं झाला. जिल्ह्याचें धाराशिव हें जुनें नांव तर २०२३ सालीं परत आलें. सारा ठरविणारे आधीं आले आणि फुलें मोजणारे जवळजवळ एका शतकानें आले, एवढें या तारखांवरून उघड होतें.

हलक्या जमिनींत फुलें अधिक कां, याचा शास्त्रीय उलगडा मात्र फार लांब, इंग्लंडांत, झाला. लंडनच्या उत्तरेस रॉथॅमस्टेड येथें लॉज व गिल्बर्ट या जोडीनें १८५६ सालीं एका जुन्या कुरणाचे तुकडे पाडून प्रयोग मांडला. त्यांस गवताचें उत्पन्न वाढवावयाचें होतें. फुलांशीं त्यांना कांहीं कर्तव्य नव्हतें. कांहीं तुकड्यांना निरनिराळीं खतें दिलीं, कांहींना मुळींच दिलें नाहीं. खत दिलेल्या तुकड्यांत गवत वाढलें; परंतु थोड्याच वर्षांत त्यांतील वनस्पतींच्या जाती नाहींशा होऊं लागल्या. हा प्रयोग आजतागायत चालू आहे. ज्या तुकड्यांना खत दिलें नाहीं त्यांत आज सुमारें चाळीस जाती एकत्र नांदतात. ज्यांना अमोनियम सल्फेट भरपूर दिलें आणि चुना दिला नाहीं, त्यांत दोन-तीन जातींचीं गवतें तेवढीं उरलीं आहेत.

कारण समजण्यास कठीण नाहीं. माती सकस झाली कीं तिचा लाभ सर्वांना सारखा मिळत नाहीं. जें गवत दांडगें तें आधीं उठतें, उंच होतें आणि खालच्या लहानग्यांचें ऊन अडवितें. माती हलकी असली कीं कोणासच फार उंच होतां येत नाहीं. जमीन मधून मधून उघडी राहते, आणि ज्याचीं मुळें खोल जातात, ज्याला थोडें पाणी पुरतें, ज्याला चुना सोसतो, अशा प्रत्येकाला आपापली जागा मिळते. इंग्लंडांत खडूच्या टेकड्यांवरील पातळ, चुन्याच्या मातीचीं कुरणें रानफुलांकरितां प्रसिद्ध आहेत, तीं याच कारणानें. साताऱ्याजवळचें कासचें पठार २०१२ सालीं पश्चिम घाटाच्या इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादींत गेलें. तेथेंहि जांभ्या कातळावर मातीचा थर अगदीं पातळ आहे. प्रतबंदीच्या हिशेबानें पाहूं गेल्यास कासच्या पठाराला दोन आणेहि कोणीं दिले नसते.

विसाव्या शतकांत जें झालें तें बहुतेक काळ्या मातीसाठीं झालें, आणि तें आवश्यकहि होतें. सोलापूर येथें १९३३ सालीं कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचें केंद्र निघालें. पावसाचें पाणी बांध घालून शेतांतच मुरवावें, नांगरट कशी करावी, पेरणीचें अंतर किती ठेवावें, हें तेथें ठरलें. १९७२ च्या दुष्काळांत याच भागांतील लाखों माणसांनीं खडी फोडली, पाझर तलाव खणले, रस्ते केले. त्या रस्त्यांना मुरूम लागला, आणि मुरूम माळांतूनच निघाला. पुढें विहिरी खोल गेल्या, कूपनलिका आल्या, सोयाबीन आलें. २०१७ सालीं तलावांतील गाळ काढून शेतांत पसरण्याची सरकारी योजना निघाली. यंत्रानें माळ फोडून त्यावर हा गाळ पसरला कीं दोन आण्यांची जमीन एका उन्हाळ्यांत आठ-दहा आण्यांची होऊं शकते. याबद्दल शेतकऱ्यास दोष देणें अन्यायाचें होईल. त्या दोन आण्यांवर त्याच्या लेकरांचें पोट भरत नव्हतें. परंतु गाळाखालीं काय गाडलें गेलें, याचा हिशेब ठेवणारें खातें कोठेंच नव्हतें, हेंहि तितकेंच खरें.

जे माळ नांगराखालीं गेले नाहींत, त्यांवर दुसरें संकट आलें. गाजरगवत या नांवानें आज घरोघर ठाऊक झालेलें अमेरिकेंतलें तण पुण्यास आढळल्याची नोंद १९५६ सालीं प्रसिद्ध झाली, आणि नंतर तें देशभर पसरलें. त्याची रीत पाहण्याजोगी आहे. जेथें जमीन उकरली, जेथें उकिरडा पडला, जेथें रस्त्याची माती उलथली, तेथें तें आधीं शिरतें. न उकरलेल्या, गवतानें झांकलेल्या जुन्या माळांत शिरावयास त्याला कठीण जातें. तिसरें संकट तर चांगल्या हेतूनेंच आलें. २०१६ ते २०१९ या वर्षांत राज्यभर वृक्षलागवडीच्या मोठ्या मोहिमा झाल्या. झाडें लावणें पुण्यकर्म खरें. परंतु ‘मोकळी जमीन म्हणजे पडीक जमीन’ ही जुनी प्रतबंदीच अशा वेळीं पुन्हा डोकें वर काढते, आणि गवताच्या माळावर खड्डे खणले जातात. सोलापूरजवळ नान्नज येथें १९७९ सालीं माळढोक पक्ष्यासाठीं अभयारण्य झालें. ज्या पक्ष्याच्या नांवांतच माळ आहे, तो आतां तेथें क्वचितच दृष्टीस पडतो. माळ गेला कीं माळावरचें सर्वच जातें, हें तेथें कळलें. पण उशिरा कळलें.

असो. अंगणाच्या कोपऱ्यांत रानफुलें लावूं इच्छिणाऱ्या गृहस्थाकडे आतां वळावें. या सर्व इतिहासावरून त्याला जो धडा मिळतो तो उलटा वाटेल, पण साधा आहे: भुई सुधारूं नये. वर काळी, खतावलेली माती असेल तर ती वीतभर काढून गुलाबांना द्यावी. खालचा मुरूम उघडा पडला तर तें भाग्यच. मुरूम नसेल तर आणवावा, आणि तीन पाट्या मुरमास एक पाटी साध्या, खत न घातलेल्या मातीची, या मानानें मिसळून चार ते सहा बोटांचा थर द्यावा. चुनखडीचे खडे वेंचूं नयेत. इकडील फुलांना त्यांची संवय आहे. जमिनीस थोडा उतार ठेवावा, म्हणजे पाणी सांचणार नाहीं. शेणखत, सोनखत, कृत्रिम खत यांतलें कांहींएक घालूं नये. जागेंत लव्हाळा किंवा हराळी असेल तर तिचीं मुळें मात्र आधीं कसोशीनें काढावींत, कारण मागाहून तें साधत नाहीं.

बीं पेरण्याची घाई करूं नये. मृगाच्या पहिल्या पावसांत जें तण उगवेल तें उगवूं द्यावें, आणि खुरप्यानें वरच्या वर काढून टाकावें. खोल खणूं नये. खणलें कीं खालचें झोंपलेलें तण जागें होतें आणि गाजरगवताला आमंत्रण जातें. त्यानंतर इकडच्याच रानांतलें बीं थोड्या वाळूंत मिसळून फोकावें व पायांनीं दाबावें. वर माती लोटूं नये. तरवडाचें बीं कठीण कवचाचें असतें. तें खरबरीत दगडावर घांसून रात्रभर पाण्यांत ठेवावें. बीं जमवितांना एका जागेचें सगळें ओरबाडूं नये, आणि कळलावीसारख्या कंदाच्या वनस्पति माळावरून उपटून आणूं नयेत. पहिल्या वर्षीं बाग ओकीबोकी दिसेल. शेजारी विचारतील, येथें कांहीं लावलें आहे काय? तिकडे दुर्लक्ष करावें. कार्तिक-मार्गशीर्षांत बीं झडल्यावर सर्व गवत विळ्यानें कापावें आणि कापलेलें बाहेर न्यावें. तेथेंच कुजूं देऊं नये, कारण तें कुजलें कीं खत झालें. जुन्या कुरणांत हेंच घडत होतें. गवत कापून घरीं जाई, आणि कुरण वर्षानुवर्षें हलकें व फुलांचें राहात असे. ज्यांस अंगण नाहीं त्यांनीं पसरट कुंडींत तळाशीं खडे व वर हेंच मिश्रण घालून एक विष्णुक्रांता लावून पाहावी. तिला पाण्यापेक्षां उन्हाची अधिक गरज असते.

एका अंगणानें किंवा एका कुंडीनें माळ वांचत नाहीं, हें खरें आहे. परंतु ज्या घरांत मुरमाची भुई फुललेली मुलांनीं पाहिली, त्या घरांतील मुलें मोठीं झाल्यावर मोकळ्या माळाला ‘पडीक’ म्हणतांना क्षणभर अडखळतील, अशी आशा धरण्यास हरकत नाहीं. गायरान कोणास द्यावें, टेकडीचा मुरूम उपसावा कीं नाहीं, रोपें कोठें लावावींत, हे निर्णय पुढें अशाच माणसांच्या सहीनें होत असतात.

चैत्राच्या त्या दिवशीं संध्याकाळीं येरमाळ्याच्या रानांत गर्दी ओसरते. ढिगाची चुनखडी देवीची होते, आणि रान पुन्हा शेतकऱ्याचें होतें. पुढें पाऊस येतो. काळींत पेरणी सुरू होते, आणि वर टेकडीच्या उतारावर, जेथें नांगर कधीं चाललाच नाहीं, तेथें मुरमाच्या फटींतून विष्णुक्रांतेचें पहिलें निळें फूल वर येतें. सकाळीं तें उमलतें आणि दुपारीं मिटतें. पाहावयाचें असेल त्यानें उन्हें चढण्याच्या आंत जावें, आणि खडे वेंचतांना वांकतात तसें जरा वांकावें.